‘विदाउट प्रेज्युडिस’ : हे दोन शब्द कुठे लिहावेत, कुठे लिहू नयेत

सदर : कागदपत्रांची ओळख



सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या बाजूला असे गाव विरळाच, की ज्यातल्या दोन-चार घरांचा एक पाय मुंबईत नाही. कुणाचे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते, कुणाचे चुलते दादरला राहिले, कुणाच्या आत्याने गिरगावच्या चाळीत सारा संसार केला. पुढे गिरण्या बंद पडल्या. माणसे गावी परतली, काही देवाघरी गेली. पण लालबागची दहा बाय बाराची खोली कागदोपत्री अजून आजोबांच्याच नावावर असते. भाडे किरकोळ, म्हणून तिकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मग एके दिवशी गावच्या पत्त्यावर जाड लिफाफा येतो. आत घरमालकाच्या वकिलाचे इंग्रजी पत्र. आणि पत्राच्या अगदी वर, तारखेच्याही आधी, ठळक अक्षरांत दोन शब्द : ‘विदाउट प्रेज्युडिस’.

घरातला कॉलेजात जाणारा मुलगा शब्दकोश काढतो. प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह. विदाउट म्हणजे शिवाय. म्हणजे घरमालकाच्या मनात आपल्याविषयी आकस नाही, असा अर्थ लागतो आणि सगळे निर्धास्त होतात. कुठे याच्या उलट होते. शब्द भारदस्त दिसतात म्हणून आपणही उत्तराच्या माथ्यावर तेच लिहून टाकतो, आणि आपल्याच बाजूचा पुरावा आपल्याच हाताने निकामी करून बसतो.

म्हणून आज या दोन शब्दांची नीट ओळख करून घेऊ. खोली मुंबईत असो वा नसो, हा विषय प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे. कारण शेतजमिनीच्या मोबदल्याचे पैसे घेतानाही हाच प्रश्न उभा राहतो. तिथे एक शब्द लिहायचा राहिला तर वाढीव मोबदला मागण्याची वाटच बंद होऊ शकते.

अर्थ बांधावरचा

रोजच्या इंग्रजीत प्रेज्युडिस म्हणजे आकस, हे खरे. पण कायद्याच्या इंग्रजीत त्याचा अर्थ आहे बाध किंवा नुकसान. ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे ‘बाध न येता’. आपल्या जुन्या दस्तऐवजांत ‘हक्क राखून’, ‘हक्क अबाधित ठेवून’ असे शब्द येतात, ते याच अर्थाचे.

शेतातले उदाहरण घ्या. शेजाऱ्याच्या रानात ऊस तोडणीला आला आहे आणि गाडी बाहेर काढायला वाट नाही. तो येऊन म्हणतो, ‘तात्या, यंदा तुमच्या बांधावरून गाडी काढू द्या.’ तुम्ही माणुसकी सोडत नाही. वाट देता. पण चार माणसांसमोर बजावता, ‘या हंगामापुरती देतोय. उद्या ही वहिवाट म्हणायची नाही.’ हे बजावणे फुकटचे नसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे कोणी वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून वाट वापरली, तर ती त्याच्या हक्काची होऊ शकते. परवानगीने वापरलेली वाट मात्र तशी हक्काची होत नाही. तुमच्या त्या एका वाक्यात माणुसकीही राहिली आणि बांधही राहिला.

‘विदाउट प्रेज्युडिस’ हे नेमके तेच वाक्य आहे. देतो, घेतो, बोलतो. पण हक्क सोडत नाही.

पावतीवरचा ठसा

मुंबईच्या जुन्या चाळींत भाड्याच्या पावतीवर या दोन शब्दांचा रबरी ठसा पुष्कळदा दिसतो. गावाकडची माणसे त्याने बिचकतात. ‘आता आपण भाडेकरू राहिलो नाही’ असे वाटून काही जण पावतीच परत करतात. तसे करू नका.

ठसा का मारतात ते पाहा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ११३ असे सांगते, की मालकाने जागा सोडण्याची नोटीस दिली, तिची मुदत संपली, आणि त्यानंतरच्या काळाचे भाडे त्याने स्वीकारले, तर ती नोटीस त्याने सोडून दिली असे धरले जाते. एका हाताने ‘निघ’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने भाडे घ्यायचे, हे कायद्याला जुळत नाही. म्हणून घरमालक ठशाने सांगतो, ‘पैसे घेतले, पण माझी नोटीस आणि माझे म्हणणे कायम आहे.’ पुढे १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने धनपाल चेट्टियार खटल्यात ठरवले, की भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जागेसाठी दावा लावण्यापूर्वी अशी जागा सोडण्याची नोटीस देण्याची गरज नाही. तेव्हापासून त्या नोटिशीचे महत्त्व पुष्कळ कमी झाले. ठसा मात्र उरला.

तेव्हा ध्यानात ठेवा : ठशाने घरमालकाचे म्हणणे राखले जाते, तुमचा हक्क जात नाही. तुम्ही भाडेकरू आहात की नाही हे ठसा ठरवत नाही, कायदा ठरवतो. मुंबईतल्या अशा खोल्यांना १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. भाडे देण्याची तयारी असलेल्या आणि इतर अटी पाळणाऱ्या भाडेकरूला त्या कायद्याचे संरक्षण असते.

पावती हाती आली की ठशापेक्षा दोन गोष्टी अधिक बारकाईने पाहा. पहिली, पैसे कशाबद्दल घेतले असे लिहिले आहे? ‘रेंट’ म्हणजे भाडे. त्याऐवजी ‘कॉम्पेन्सेशन’ किंवा ‘यूज अँड ऑक्युपेशन चार्जेस’ लिहिले असेल, तर घरमालक तुम्हाला भाडेकरू मानायला तयार नाही, जागा वापरल्याची भरपाई म्हणून पैसे घेतो आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा ताबडतोब लेखी हरकत घ्यावी. दुसरी, पावती कुणाच्या नावाने आहे? आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी पावती त्यांच्याच नावे निघत असेल, तर तो विषय आजच हाती घ्या. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो. तसे कोणी नसेल तर वारसाला. वारसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवते. हा कज्जा भावाभावांत होण्याआधी घरात बसून मिटवलेला बरा.

पोटातला आणि कपाळावरचा

आता आपण लिहायच्या पत्राकडे वळू. या दोन शब्दांच्या जागा दोन आहेत आणि दोन्हींचे काम वेगळे आहे. ओळखायला सोपे जावे म्हणून एकाला ‘पोटातला’ म्हणू, दुसऱ्याला ‘कपाळावरचा’. सारी मेख या फरकात आहे.

पोटातला म्हणजे पत्राच्या मजकुरात, एका वाक्यात येणारा. समजा, घरमालक म्हणतो भाडे महिना २०० रुपये, तुमच्या हिशेबाने ते १२० आहे. भांडत बसून भाडेच थकवले तर तुम्ही थकबाकीदार ठरणार. म्हणून तुम्ही २०० पाठवता, पण २०० मान्य करत नाही. अशा वेळी पत्रात लिहायचे :

‘विदाउट प्रेज्युडिस टू माय राइट्स अँड कंटेन्शन्स, आय सेंड हिअरविथ द रेंट फॉर द मंथ्स ऑफ एप्रिल टू जून.’

म्हणजे, ‘माझे हक्क आणि माझे म्हणणे यांस बाध न येता, एप्रिल ते जून या महिन्यांचे भाडे सोबत पाठवीत आहे.’ ‘राइट्स’ म्हणजे हक्क. ‘कंटेन्शन्स’ म्हणजे वादातले आपले म्हणणे. ‘हिअरविथ’ म्हणजे यासोबत. त्याखाली एका साध्या वाक्यात सांगा, की २०० रुपये भाडे आम्हाला मान्य नाही. बाध कशाला येऊ द्यायचा नाही ते सांगितल्याशिवाय हा प्रकार पुरा होत नाही. नुसते ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहून पुढे काहीच नाही, हे म्हणजे दावे आहे आणि खुंटा नाही.

हे पत्र उघडे पत्र आहे. उद्या मुंबईत धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात तुम्हाला ते दाखवायचे आहे : ‘पाहा साहेब, आम्ही वेळेवर भाडे पाठवले, आणि आमची हरकतही नोंदवली.’ म्हणूनच या पत्राच्या माथ्यावर ते दोन शब्द लिहायचे नाहीत.

कपाळावरचा म्हणजे पत्राच्या माथ्यावर येणारा. तो फक्त तडजोडीच्या पत्रावर शोभतो. समजा, तीन वर्षांचे भाडे थकले आहे आणि रकमेबद्दल वाद आहे. तुम्ही लिहिता, ‘वाद मिटत असेल तर निम्मी रक्कम आता देतो, निम्मी दिवाळीनंतर.’ किंवा चाळीच्या जागी इमारत उठणार आहे आणि तुम्ही कळवता, ‘नव्या इमारतीत अमुक इतकी जागा दिलीत तर आम्ही खोली खाली करू.’ बोलणी फिसकटली तर समोरचा हेच पत्र कोर्टात नाचवील : ‘यांनीच थकबाकी कबूल केली, यांनीच खोली सोडतो म्हटले.’ तसे होऊ नये म्हणून माथ्यावर लिहायचे, ‘विदाउट प्रेज्युडिस’. अर्थ असा, की हे बोलणे मिटवण्यासाठी आहे, कबुली म्हणून नाही.

याला कायद्याचा आधार आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम २३ सांगत असे, की दिवाणी वादात ‘हे पुराव्यात आणायचे नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिलेली, किंवा तसे दोघांत ठरले होते असे परिस्थितीवरून दिसणारी कबुली पुरावा म्हणून धरली जाणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला. त्यात हीच तरतूद कलम २१ मध्ये आहे. हेतू सरळ आहे. माणसाला मोकळेपणी तडजोड बोलता आली पाहिजे. पंचांपुढे मिटवायला बसलेल्या माणसाचा प्रत्येक शब्द उद्या त्याच्याच गळ्यात अडकणार असेल, तर मिटवायला बसणार कोण?

पण एक मर्यादा आहे. १८८९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने वॉकर विरुद्ध विल्शर या खटल्यात या शब्दांचा अर्थ सांगितला. त्याचा सारांश असा, की प्रस्ताव समोरच्याने स्वीकारला नाही, तर लिहिणाऱ्याच्या बाजूला बाध येऊ नये. स्वीकारला, तर मात्र करार पुरा झाला. तेव्हा ‘माथ्यावर विदाउट प्रेज्युडिस आहे, मागाहून फिरता येईल’ या भरवशावर वाटेल ते देऊ करू नका. समोरच्याने होकार कळवला की तुम्ही बांधले गेलात.

नेहमीच्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक पत्राच्या कपाळी हे शब्द चिकटवणे. वकिलाच्या नोटिशीला तुम्ही ठणकावून उत्तर देता, ‘आम्ही भाडेकरू आहोत, या महिन्यापर्यंत भाडे भरले आहे, खोलीत आमचा मुलगा राहतो.’ आणि माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’. मग कोर्टात हे उत्तर दाखवू गेलात की समोरचा म्हणणार, ‘हे तर तडजोडीचे पत्र, पुराव्यात घेऊ नका.’ कोर्ट मजकूर पाहून ठरवील. पण हा वाद तुम्ही स्वतः ओढवून घेतलेला असतो. जे पत्र उद्या दाखवायचे आहे, त्याचे कपाळ कोरे ठेवा.

दुसरी चूक म्हणजे याला मंत्र समजणे. ‘खोली आम्ही दुसऱ्याला भाड्याने दिली होती’ असे सरळ लिहून टाकायचे आणि वर हे दोन शब्द लिहायचे. ज्यात वाद मिटवण्याची काही बोलणीच नाहीत, त्या पत्राला हे शब्द वाचवतील असे नाही. कोर्ट लेबल पाहत नाही, बाटलीत काय आहे ते पाहते. याच्या उलटही खरे आहे. खरोखरीच्या तडजोडीच्या पत्रावर शब्द राहिले, तरी परिस्थितीवरून कोर्ट ते ओळखू शकते. पण दैवावर हवाला टाकण्यापेक्षा लिहिलेले बरे.

इथे गावमंडळाच्या खोल्यांविषयी एक सूचना. गिरणगावात पुष्कळ गावांनी वर्गणी काढून खोली घेतली. पावती एका वडीलधाऱ्याच्या नावे, राहणारी मुले गावातल्या दहा घरांतली. अशा खोलीची नोटीस आली तर घाईने ‘आमच्याकडे आठ जण राहतात, महिन्याला इतके इतके देतात’ असे कळवू नका. त्या एका वाक्यावर पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप उभा राहू शकतो. अशा उत्तरात ‘माय राइट्स’ लिहायचे की सर्वांच्या वतीने ‘अवर राइट्स’, हेही वकिलाला विचारूनच ठरवावे.

तिसरी चूक व्याकरणाची. स्पेलिंग आहे पी, आर, ई, जे, यू, डी, आय, सी, ई. शेवटी ‘डी’ लावून ‘प्रेज्युडिस्ड’ करू नये. त्याने अर्थ बिघडतो. पोटातल्या वाक्यात या शब्दांनंतर ‘टू’ येते, ‘ऑफ’ किंवा ‘फॉर’ नाही. वाक्य संपवून शेवटी नुसते ‘विदाउट प्रेज्युडिस’ टांगून ठेवू नये.

चौथी गोष्ट चूक नव्हे, गैरसमज. कोर्टाच्या हुकुमात हे शब्द आले तर त्यांचे काम वेगळे असते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतापराय यांच्या अबकारी प्रकरणात सांगितले, की हुकूम ‘विदाउट प्रेज्युडिस’ रद्द केला असेल तर मूळ वादाचा गुणदोषांवर निकाल झालेला नाही. तेव्हा आपल्या बाजूच्या हुकुमात हे शब्द दिसले तर पेढे वाटण्यापूर्वी वकिलाला विचारा, ‘आता पुढे काय?’

आणि इंग्रजी येत नसेल तर? मराठीत लिहा. कायद्याने त्या अटीसाठी कोणती भाषा ठरवून दिलेली नाही. पोटात ‘माझ्या हक्कांस व म्हणण्यास बाध न येता’, आणि कपाळावर ‘तडजोडीसाठी, हक्क राखून, पुराव्यात वापरू नये’, असे स्वच्छ मराठीत लिहिलेले पत्र चुकीच्या इंग्रजीपेक्षा शंभर पटीने चांगले.

‘फुल अँड फायनल’पुढे सावध

या शब्दांचा एक उलटा भाऊ आहे : ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’. म्हणजे सगळे मिळाले, आता काही मागणे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि देणी घेऊन गावाकडे परतायची वेळ घरोघरी आली. नोकरी सुटताना पुढे येणाऱ्या छापील कागदात ही ‘फुल अँड फायनल’ची ओळ ठरलेली असते. हाती पैसा येणार असतो, घरी लग्न किंवा दवाखाना असतो, आणि सही होऊन जाते.

पैसे घ्यायला हरकत नाही. पण एखादी रक्कम राहिली आहे असे वाटत असेल तर सही करण्यापूर्वी कागदावरच लिहा, ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून’. लिहू देत नसतील तर त्याच दिवशी पत्र पाठवा. नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन आणि रेश्मी कन्स्ट्रक्शन्स यांच्या खटल्यात असेच झाले. ठेकेदाराने ‘आता काही मागणे नाही’ या दाखल्यावर सही केली होती. पण त्याच दिवशी, सही नाइलाजाने केली असून आमचा हक्क राखून ठेवला आहे, असे पत्रही दिले होते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्या सहीमुळे लवादाकडे जाण्याचा मार्ग बंद झाला नाही. ते त्याच दिवशीचे पत्र नसते तर ठेकेदाराची बाजू किती लंगडी पडली असती, याचा विचार करा.

आता आपल्या रानात

धरणासाठी, रस्त्यासाठी, वसाहतीसाठी जमीन जाते तेव्हा हा विषय थेट आपल्या उंबऱ्यात येतो. तिथला इंग्रजी शब्द आहे ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून. ‘विदाउट प्रेज्युडिस’चाच तो सख्खा भाऊ. फरक इतकाच, की इथे हरकत नोंदवण्याची गोष्ट खुद्द कायद्यातच लिहिली आहे.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३१ मध्ये सांगितले होते, की रक्कम अपुरी आहे अशी हरकत नोंदवून पैसे घेता येतील. पण ज्याने हरकत न नोंदवता पैसे घेतले, त्याला कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करण्याचा अधिकार राहणार नाही. तो कायदा गेला आणि २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. पण ही अट गेली नाही. ती आता कलम ७७ मध्ये आहे, आणि वाढीव मोबदल्याचा अर्ज कलम ६४ खाली करायचा आहे.

म्हणून पैसे घेताना पावतीवर, स्वतःच्या सहीच्या वर, स्वतःच्या हाताने लिहा : ‘रक्कम अपुरी असल्याने हरकत नोंदवून आणि वाढीव मोबदला मागण्याचा हक्क राखून स्वीकारली.’ सातबारावर चार भावांची नावे असतील तर चौघांनीही आपापल्या सहीवर लिहावे. थोरल्याने लिहिले म्हणजे धाकट्याचे झाले, असे समजू नये. लेकीबहिणींची नावे असतील तर त्यांनाही हे समजावून सांगावे. त्या कागदाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.

नुसते लिहून भागत नाही, मुदत पाळावी लागते. निवाडा जाहीर होताना तुम्ही हजर असाल तर त्या दिवसापासून सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर त्यानंतर आणखी एक वर्षाच्या आत आलेला अर्ज जिल्हाधिकारी घेऊ शकतात, पण त्या आशेवर बसू नये.

दोन अपवाद सांगतो. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली जमीन घेतली तर दाद लवादाकडे मागायची असते. त्या मुदती वेगळ्या. आणि तुम्ही संमतीने, ठरलेल्या दराने खरेदीखत करून जमीन दिली असेल, तर मागाहून ‘हक्क राखून’ म्हणण्यात अर्थ नाही. खरेदीखत ही पक्की देवघेव आहे. तिथे विचार करायचा तो सहीच्या आधी.

कात्रण काढून ठेवा

१. भाडे किंवा वादातली रक्कम पाठवताना : मजकुरात ‘माझ्या हक्कांस व म्हणण्यास बाध न येता’. कपाळ कोरे.

२. तडजोडीचा प्रस्ताव देताना : कपाळावर ‘विदाउट प्रेज्युडिस’. पत्रात दुसरा विषय घालू नये. हिशेब, भाड्याची रक्कम, नोटिशीचे उत्तर, ही सर्व पत्रे वेगळी.

३. भाडे थकल्याची नोटीस आली तर : मुंबईतल्या भाडे नियंत्रणाखालच्या खोलीसाठी अशी लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटेपर्यंत घरमालकाला त्या कारणासाठी दावा लावता येत नाही. ते दिवस शब्द शोधण्यात घालवू नका, भाडे भरण्यात घालवा. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरून, पुढेही नियमित भाडे भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावर खोली जात नाही.

४. खोली कुलूप लावून ठेवू नका. दावा लावण्याआधी सलग सहा महिने ती सबळ कारणाशिवाय वापरात नसेल, तर तेवढ्यावरून ताबा मागता येतो. तिथे ‘विदाउट प्रेज्युडिस’ कामाला येत नाही. तिथे राबती चूल कामाला येते.

५. जमिनीचा मोबदला घेताना : सहीच्या वर ‘हरकत नोंदवून, हक्क राखून’. नंतर मुदतीत अर्ज.

६. प्रत्येक पत्राची तारखेसह प्रत ठेवा. पोच मिळेल अशा टपालानेच पाठवा, आणि पोचपावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा.

७. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठराविक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांना तिथे मोफत वकील मिळतो. घरातल्या बाईच्या नावे कागद असेल तर तिने उत्पन्नाचा विचार न करता जावे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण काही वेळा पायरीच चालत आपल्या दारी येते, लिफाफ्यात बसून. तेव्हा घाबरायचे नाही आणि घाईही करायची नाही. पत्र पुरते वाचून घ्यायचे. मग स्वतःला विचारायचे : हे माझे उत्तर मला उद्या दाखवायचे आहे की झाकायचे आहे? दाखवायचे असेल तर शब्द पोटात. झाकायचे असेल तर कपाळावर. एवढे जमले की पुढचे काम वकिलाचे.